दहापैकी साडेनऊ गुणांचा टॉर्च

माझा धाकटा साडू माणूस म्हणून वाईट नाही, असं माझी बायको म्हणते. तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, तिला म्हणावंच लागतं. मला तसं बंधन नाही. मी त्याला सतरा वर्षं ओळखतो आणि एवढ्या वर्षांत त्याने एक खिळा सरळ ठोकलेला मी पाहिलेला नाही. मी वायरमन. सकाळी साडेसातला हत्यारांची पिशवी उचलतो ती संध्याकाळीच खाली ठेवतो. हा एका कचेरीत कारकून. दिवसभर कागदांवर शिक्के मारतो आणि उरलेल्या वेळात टॉर्चना गुण देतो.

हो, टॉर्चना. मास्तर पोरांना देतात तसे, दहापैकी. इंटरनेटवर त्याच्यासारखेच आणखी दोन-तीनशे रिकामटेकडे आहेत, ते म्हणे याच्या गुणांची वाट बघत बसतात. घरी कपाटाचे दोन खण टॉर्चनी भरलेत. मेहुणी तिथे पूर्वी चादरी ठेवायची. एकदा त्यांच्या बिनखिडकीच्या न्हाणीघरातला दिवा गेला, तर एकसष्ट टॉर्चपैकी एकातही सेल नव्हता. सेल आत राहिले की पाझरतात, म्हणून हा ते वेगळ्या डब्यात कुलपात ठेवतो आणि किल्ली खिशात घालून कचेरीत जातो. मेहुणीने मेणबत्ती लावून आंघोळ केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नातेवाईक जमले की ही गोष्ट मी आवर्जून सांगतो, आणि दर वेळी तो स्वतःही हसतो. त्याला साधा रागही धड येत नाही.

आता सासऱ्यांचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. सासरे ब्याऐंशी वर्षांचे. हयातभर पुस्तकांची बांधणी केली. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात, दोन खोल्या आणि खाली तळघर. पाण्याचा पंप तळघरात आहे, अकरा पायऱ्या उतरून. रोज दुपारी खाली जाऊन पंप लावायचा, नाहीतर नळाला पाणी नाही. तळघराच्या दाराला स्प्रिंग आहे, सोडलं की धाडकन बंद होतं. म्हणून ते दाराला लाकडाचा ठोकळा लावायचे आणि वरच्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात उतरायचे. तळघरातला दिवा ओलीने वायर कुजून गेला होता. ते काम माझ्या यादीत होतंच. पण वायरमनची यादी किती लांब असते ते वायरमनलाच ठाऊक.

एका दुपारी त्यांची पायरी चुकली आणि गुडघा सोलवटला. दोघी बहिणींनी त्यांना समोर बसवून बजावलं, "बाबा, आणखी एकदा पडलात की घराला कुलूप. आमच्याकडे राहायला यायचं, आणि ते कायमचं."

सासऱ्यांनी सोलवटलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. त्या घरात त्यांची दाबयंत्राजवळची खुर्ची आहे, सरसाचा वास आहे, उठायची-झोपायची त्यांची वेळ आहे. मुलीच्या घरी यातलं काही नसतं, तिथे नुसती काळजी असते. मग ते म्हणाले, "मला एक चांगली बॅटरी आणून द्या. लहान, मुठीत मावेल अशी. दुसऱ्या हाताने कठडा धरता आला पाहिजे."

एवढं ऐकलं मात्र, साडू खुर्चीत ताठ झाला. "बाबा, हे माझ्यावर सोपवा. आणि बॅटरी म्हणजे आतला सेल. याला टॉर्च म्हणायचं."

"जे काय असेल ते लागलं पाहिजे," सासरे म्हणाले.

दुसरा कोणी असता तर कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच मिनिटांत आणून मोकळा झाला असता. या गृहस्थाने महिना घेतला. आधी येऊन पट्टीने पायऱ्यांची उंची मोजली. मग एका सेलवर चालणारे बोटाएवढे सात टॉर्च मागवले आणि त्यांची परीक्षा सुरू केली. मी एकदा बायकोचा निरोप घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर सगळ्या खिडक्यांना चादरी लावलेल्या (कपाटातून हाकललेल्या चादरींना अखेर काम मिळालं होतं) आणि हा भिंतीवर उजेडाचा गोल पाडून दोरीने मोजतोय. स्वयंपाकाच्या काट्यावर टॉर्चचं वजन, सेलसकट आणि सेलशिवाय. एक टॉर्च बर्फाच्या खणात, एक पाण्याच्या बादलीत. एक सकाळपासून जळत ठेवलेला, आणि दर दहा मिनिटांनी त्याचा उजेड किती उतरला ते वहीत. मग एकेक टॉर्च कमरेइतक्या उंचीवरून सहा-सहा वेळा फरशीवर टाकला. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, काय चाललंय म्हणून.

"हे बघा," तो मला म्हणाला आणि एका ताटलीत टोमॅटो, हिरवी मिरची आणि स्वतःचा पंजा ठेवला. "या टॉर्चमध्ये टोमॅटो तपकिरी दिसतो. यात लाल दिसतो. रंग खरे दिसले पाहिजेत."

"बाबांना तळघरात भाजी निवडायची आहे का?" मी विचारलं.

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग मला टॉर्चची मागची टोपी दाखवली. ती पाव फेरा सैल केली की टॉर्च खिशात दबून चुकून लागत नाही आणि सेलही उतरत नाही. या टॉर्चवाल्यांची म्हणे ही सवयच, टॉर्च विझवला की बोटं आपोआप टोपी फिरवतात.

"म्हणजे लावायचा असतो तेव्हाही लागत नाही," मी म्हणालो.

"घट्ट केली की लागतो ना."

अशा माणसापुढे काय बोलणार. पालथ्या घड्यावर पाणी. मी निरोप सांगून घरी आलो आणि त्या पंजाची नक्कल करून बायकोला पोट धरधरून हसवलं.

शेवटी एका रविवारी निकाल लागला. विजेता टॉर्च घेऊन तो सासऱ्यांकडे आला. दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण का कापला तेही त्याने सांगितलं, आम्ही ऐकलं नाही. ठळक अक्षरांत छापलेली चार पानं सोबत होती. एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की प्रखर. सासऱ्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पाच वेळा लावून दाखवला. उजेड छतावर पडला तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला. साडूने टॉर्च विझवला, रुमालाने पुसला आणि सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात अडकवला.

सोमवारी माझी बायको एक वाजता त्यांच्याकडे गेली. हाका मारल्या तरी ओ नाही. तळघराचं दार बंद. ते उघडलं तर सासरे सर्वांत खालच्या पायरीवर बसलेले, एक पाय वेडावाकडा, हातात टॉर्च. बारापासून ते त्या अंधारात बसून होते. त्या दिवशी त्यांनी ठोकळा लावला नव्हता. टॉर्च आहे, आता ठोकळा कशाला, असं त्यांना वाटलं. चार पायऱ्या उतरेपर्यंत दार मागे बंद झालं. त्यांनी बटण दाबलं, लागला नाही. दोनदा दाबलं, लागला नाही. चार पानांत तिसरा उपाय नव्हता. वर परतायला म्हणून ते वळले आणि पाय निसटला.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून त्यांना घरी आणलं तेव्हा सगळे जमलो. मी टॉर्च हातात घेतला, टोपी पाव फेरा आवळली आणि बटण दाबलं. उजेड थेट साडूच्या तोंडावर. तो पांढराफटक पडला.

"सवय आहे हो," तो म्हणाला. "पुसताना हात आपोआप गेला असणार."

मग मी त्याला सोडलं नाही. सतरा वर्षांचं सगळं बाहेर काढलं. "एकसष्ट टॉर्च घरात आणि उजेड एकाचाही नाही. टोमॅटो लाल दिसला, म्हातारा नाही दिसला? साडेनऊ गुण दिलेत ना, तो अर्धा गुण यासाठीच राखून ठेवला होता वाटतं." मेहुणी रडत होती. तो खाली मान घालून उभा होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं मी जे म्हणत होतो ते आता घरातल्या सगळ्यांसमोर खरं ठरलं होतं.

"थोरले, पुरे," सासरे पलंगावरून म्हणाले. आम्हा दोघा जावयांना ते थोरले आणि धाकटे म्हणूनच हाक मारतात. "धाकट्यांकडून चूक झाली. पण महिनाभर ते माझ्या पायऱ्यांचा विचार करत होते."

"विचार करून काय उपयोग झाला, बाबा?"

ते माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "खालच्या दिव्याचं मी तुम्हाला तीनदा विचारलं. दोन वर्षं झाली. चौथ्यांदा विचारायला संकोच वाटला, म्हणून बॅटरी मागितली."

माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला टॉर्च अजून जळत होता आणि तो कसा विझवायचा ते मला चटकन आठवेना. साडूनेच पुढे होऊन तो माझ्या हातातून घेतला.

बहिणींचा निर्णय झालेलाच होता. सासऱ्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागलं. येत्या रविवारी त्यांना आमच्याकडे हलवायचं ठरलं.

रविवारी वर बांधाबांध चालली होती. गाद्या, कपडे, औषधं. दाबयंत्र आमच्या घरात मावणार नव्हतं, ते तिथेच राहणार होतं. मला वर बसवेना. मी पिशवी उचलली, दाराला ठोकळा लावला आणि खाली उतरलो. आता या घरात दिवा कोणाला लागणार होता हे मला कळत होतं, तरी उतरलो. जरा वेळाने पायऱ्यांवर पावलं वाजली. साडू होता, हातात तोच टॉर्च.

"कुठे धरू?" त्याने विचारलं.

"वर. त्या जोडावर."

त्याने धरला. तो उजेड जरासुद्धा हलला नाही. मी जिथे हात नेईन तिथे तो आधीच पोचलेला असे. कुजलेल्या वायरीचे रंग, लाल कुठली, काळी कुठली, हिरवी कुठली, दुपारच्या उन्हात दिसावेत तसे स्वच्छ दिसत होते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही मदतनिसाने असा उजेड धरलेला नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

नवी वायर ओढली, होल्डर बदलला, वर जाऊन बटण दाबलं. अकराच्या अकरा पायऱ्या उजळल्या. खालची पायरी काठाला थोडी झिजली होती, तेही दिसलं.

साडूने घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. वेळ मोजायची त्याची खोडच आहे. सवयीने त्याने खिशातून वही काढली, माझ्याकडे पाहिलं आणि न उघडताच परत ठेवली.

आतल्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "खाली दिवा लागला का?"

मी दाराचा ठोकळा काढला, आणि दार धाडकन बंद झालं.