शुक्रवारी संपवलेला सांधा

अष्टमी गावात, पुलावरून उतरलं की डाव्या हाताला सायमन अष्टमकरचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. चाळीस वर्षांत तो शनिवारी कधी उघडलेला नाही. घर ज्यूंचं, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे कामाला सुट्टी; म्हणून शुक्रवारी दिवस कलला की मशीन बंद. घरी त्याची बायको दीना शब्बाथचे दिवे लावायला थांबलेली असते. गावाला हे इतकं पाठ, की शुक्रवारी दुपारनंतर कुणी त्याच्याकडे नवं काम घेऊन येत नाही.

पेणच्या नितेशचं काम मात्र बुधवारीच आलं होतं. नितेशचा मूर्तींचा कारखाना. बारा फुटी गणपती चढवायला लोखंडी ट्रॉली हवी होती, आणि ती न्यायला शनिवारी सकाळी टेम्पो येणार होता. मधल्या बीमसाठी पुरेसा लांब तुकडा मिळाला नाही, म्हणून दोन तुकडे जोडायचे ठरले.

जाड लोखंड जोडताना दोन्ही कडा ग्राइंडरने तिरक्या घासाव्या लागतात. मध्ये खाच पडते, तळाशी बारीक फट ठेवतात, आणि वेल्डिंग तळापासून थराथराने भरत वर आणतात. कडा न घासता नुसती कडेला कड लावली, तर वेल्डिंग वरवर बसतं. आत दोन्ही तुकडे सुटेच राहतात. केरूला, त्याच्या जुन्या कारागिराला, हे सगळं सायमननेच शिकवलं होतं.

शुक्रवारी सव्वासहा वाजता केरू ग्राइंडर घेऊन उभा राहिला. "शेठ, कडा घासू ना?"

सायमनने घड्याळ पाहिलं. "राहू दे. दोन्ही बाजूंनी दाबून मारतो."

"असंच?"

"दिवस बुडतोय, केरू."

त्याने स्वतः वेल्डिंग मारलं, घासून सपाट केलं, वरून लाल रंग दिला. केरू वाकून बघत म्हणाला, "सांधा कुठं हाय तेच कळत नाय." सायमनने रंगाचा डबा बंद केला.

शनिवारी सकाळी टेम्पो आला. केरूने दाराबाहेर ठेवलेली ट्रॉली चढवून दिली. सायमन प्रार्थनेला बसला, पण ओठ हलत होते तेवढेच. जेवताना त्याने भाताला हातही लावला नाही.

"काय झालंय?" दीनाने विचारलं. त्याने सांगितलं.

"मग नितेशला फोन करा."

"आज?"

"माणसं त्या ट्रॉलीखाली शिरणार, आणि तुम्ही वार बघताय?"

"काल वार पाळायला गेलो, म्हणूनच झालं ना हे."

दीनाने ताट बाजूला सारलं. "वाराच्या माथी मारू नका. काल दुपारी दोन तास शेजारच्या हैबतरावांशी पत्ते कुटत बसला होतात. तेव्हा नाही दिवस बुडताना दिसला?"

कालपासून सायमन हीच गोष्ट स्वतःपासून लपवत होता. त्याने फोन लावला.

"सायमनकाका? शनिवारी फोन? घरी सगळे बरे ना?" नितेश म्हणाला. "क्रेन आत्ताच आली बघा."

"मूर्ती चढवू नको. मी येतोय."

वेल्डिंगचं मशीन नितेशकडे होतं. ग्राइंडर पिशवीत घालून सायमनने पेणची एसटी धरली. कारखान्यात क्रेनवाला कुरकुरत बसला होता. नितेशने बीमवरून हात फिरवला. "एवढा गुळगुळीत सांधा, आणि कच्चा म्हणता? काका, उगाच वहीम घेताय."

सायमनने ग्राइंडर लावला. वरचा थर नखाएवढ्या जाडीचाच निघाला. त्याखाली दोन तुकड्यांमधली काळी रेघ सरळ, जशीच्या तशी उभी होती.

नितेश खाली बसून बराच वेळ बघत राहिला. "चाकं वळवायला चार माणसं हिच्याखाली शिरणार होती," तो हळूच म्हणाला.

"माहीत होतं मला. कालही माहीत होतं."

मग सायमनने कडा तिरक्या घासल्या, फट ठेवली, तळापासून थर भरत गेला. दोन तास लागले. तेवढेच लागतात. नितेशने चहा पुढे केला. "जाऊ द्या काका, तुम्ही आलात हे काय कमी आहे? दुसरा आला नसता."

ते चांगुलपणाचे शब्द सायमनला सोसवेनात. चहा तसाच ठेवून तो निघाला.

परतीच्या एसटीत त्याने डोळे मिटले, तर एकेक शुक्रवार समोर येऊ लागला. वरसे गावच्या शाळेतला पाण्याच्या टाकीचा स्टँड. तोही शुक्रवारी संध्याकाळी संपवलेला, घरी जायला बाहेर रिक्षा उभी ठेवून. त्याच्या कडा घासल्या होत्या की नाही, काही केल्या आठवेना. त्याने केरूला फोन केला.

"उद्या सकाळी ग्राइंडर घेऊन वरसेला ये. शाळेत."

"कुणाचा जॉब, शेठ?"

"आपलाच. टाकी आधी रिकामी करायला शिपायाला सांग. आणि पोरांना तिच्याखाली बसू देऊ नको म्हणावं."

केरू म्हणाला, "तो नाय घासला, शेठ. मी तेव्हाही इचारलं होतं."