टर्मिनल कोणतं, हे आधी विचारणारे भालकीकर साहेब

श्री. रंगनाथराव भालकीकर साहेबांची पंच्याहत्तरी होतेय, आणि या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असं समितीनं कळवलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मला एक गोष्ट सगळ्यांसमोर सांगायची होती. ती सांगायला याहून बरी जागा मिळाली नसती.

लग्नानंतर पुण्याहून हैदराबादला आले आणि आमच्या संगणक केंद्रात उमेदवार म्हणून लागले, तेव्हा साहेब विभागप्रमुख होते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "समजावून मराठीत सांगू, की इंग्रजीत बरं पडेल?" शेजारच्या मुलीला हेच त्यांनी तेलुगूत विचारलं आणि खाजाभाई ऑपरेटरांना दखनी उर्दूत. समोर कोण बसलंय ते कळल्याशिवाय साहेब तोंड उघडत नसत. भालकीकडच्या शेतकरी घरातून हैदराबादेत नारायणगुड्याला शिकायला आलेल्या या माणसाला शाळेत कुणी असं विचारलं नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

त्यांचं आवडतं कामही तसलंच. आज ज्यांनी फक्त लॅपटॉप पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. तेव्हा एका मोठ्या यंत्राला नाना बनावटींची टर्मिनलं जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. पडदा पुसायची खूण प्रत्येक बनावटीची निराळी. आधी प्रत्येक प्रोग्रॅमला या सगळ्या खुणा पाठ असाव्या लागत. मग कुणीतरी त्या एका फाईलमध्ये लिहून काढल्या आणि 'टीसेट' नावाची आज्ञा आली. ती कामाला बसणाऱ्याला आधी विचारी, "टर्मिनल कोणतं?" आणि मग त्याप्रमाणे पडदा लावून देई. बिघडलेला पडदा ताळ्यावर आणायला तिचीच बहीण 'रीसेट'. आमच्या जुन्या हॉलमधल्या टर्मिनलांची नोंद त्या फाईलमध्ये नव्हतीच. साहेबांनी एकेक कळ दाबून, पडद्यावर काय होतंय ते वहीत उतरवून ती तयार केली. कित्येक आठवडे ते जेवणाच्या सुट्टीतही तिथंच बसलेले असत.

मला मात्र त्या रोजच्या प्रश्नाचा वैताग येई. माझ्या खोलीत सगळी नवी टर्मिनलं. रोज तेच काय विचारायचं? एका संध्याकाळी मी शहाणपणा केला. सगळ्यांच्या लॉगिनच्या फाईलमधून तो प्रश्न काढला आणि तिथं नव्या टर्मिनलचं नाव कायमचं घालून टाकलं.

सकाळी खाजाभाई धावत आले. "साब, मेरे पडदे पे सब उलटा-पुलटा आरा. ये क्या होरा?" हॉलमधल्या जुन्या टर्मिनलांना नव्याच्या खुणा कळत नव्हत्या; ओळीवर ओळ चढली होती, मध्येच कंस आणि आकडे. लोकांनी घाबरून भलत्याच कळा दाबल्या आणि पडद्यावर भरलेले फॉर्म पुसले गेले. साहेब शांतपणे एकेका टर्मिनलपाशी गेले. पडद्यावर अक्षर धड दिसत नव्हतं. तरी त्यांनी आधी टर्मिनलचं खरं नाव टाइप केलं, मग रीसेट, आणि पडदा निवळला की "झालं, बसा" म्हणून पुढच्याकडे वळले. मी भिंतीला टेकून उभी होते. माझी नोकरी पक्की व्हायला महिना उरला होता.

संचालकांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, "कुणी केलं हे?" साहेब म्हणाले, "फाईल माझ्या विभागाची. जबाबदारी माझी." त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची बढतीही हुकली. मी तोंडातून ब्र काढला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

ते रागावले नाहीत असं मात्र समजू नका. बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्यापासून महिनाभर तुम्ही हॉलमधल्या सर्वांत जुन्या टर्मिनलवर बसायचं." बसले. रोज हातानं टर्मिनलचं नाव टाइप करून चौथ्या दिवशी तो प्रश्न मीच परत घातला, आणि नुसतं एंटर दाबलं की नेहमीचं टर्मिनल धरलं जाईल अशी सोयही केली. साहेबांनी ती पाहिली आणि खाजाभाईंना दोन चहा सांगायला लावलं. महिनाअखेर माझी नोकरी पक्की झाली.

आपण सगळे जुने सहकारी दर भेटीत साहेबांना छेडतो, "त्या दिवशी आमचे फॉर्म खाल्लेत बुवा!" साहेब हसतात आणि पुढची मिरची भजी उचलतात. मंडळी, ते फॉर्म मी खाल्ले होते. इतकी वर्षं बोलणी मात्र त्यांनी खाल्ली.

हल्ली साहेब या आज्ञांचा इतिहास मराठीत लिहीत आहेत. टीसेट का आली, रीसेट कशी जन्मली, पुढे काय बदललं, सगळं. दिलसुखनगरहून दर रविवारी मी त्यांच्या घरी जाते. ते सांगतात, मी टाइप करते. आमच्या केंद्राच्या प्रकरणात त्यांनी सांगितलं, "विभागप्रमुखाच्या निष्काळजीपणामुळे एक सकाळ वाया गेली." मी थांबले.

"साहेब, हे खरं नाही."

"का? विभागप्रमुख मीच होतो ना?" ते म्हणाले. "पुढे लिहा."

मी पुढचं लिहिलं, पण ते वाक्य अजून टाइप केलेलं नाही. साहेबांना निरोगी शंभर वर्षं लाभोत, माझी बोटं अशीच चालत राहोत आणि पुस्तक पुरं होवो. त्या वाक्यात माझं नाव घालायला ते हो म्हणेपर्यंत ती ओळ मी कोरी ठेवणार आहे, आणि ते सहजासहजी ऐकणाऱ्यांतले नाहीत, म्हणून शंभराला माझ्याकडून आणखी थोडी वर्षं जोडते.