पगारे मास्तरांचा पाचवा गिअर

गंगापूर रोडवर सिग्नल सुटला की काही गाड्यांचे चालक लगेच ओळखू येतात. त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून सुटत नाही. जत्रेत पोराचं बखोट धरावं तसा तो दांडा घट्ट धरलेला असतो. असा माणूस दिसला की खुशाल समजावं, हा बारकू पगारे मास्तरांचा विद्यार्थी. मीही तसाच चालवतो. माझ्या गाडीचा गिअर टाकला की जागेवर राहतो, पण हात ऐकत नाही.

याचं मूळ मास्तरांच्या शिकवणीच्या गाडीत होतं. तिचा तिसरा गिअर निसटायचा. दुसऱ्या कोणी तो दुरुस्त केला असता. मास्तरांनी त्याचा धडा केला. "गिअर टाकला म्हणजे काम संपलं नाही," ते सांगायचे. "टाकलेला गिअर सांभाळावा लागतो." आम्हाला हे फार थोर वाटायचं. गिअर निसटतो हा गाडीचा दोष आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना स्वतःची गाडी घेतल्यावर कळलं.

मास्तर सातपूरच्या एका कारखान्यात कारकून होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ही छोटी गाडी घेऊन शिकवणी काढली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आवाज कधी चढत नाही. विद्यार्थी दुभाजकाकडे निघाला तरी ते खिडकीबाहेर बघत शांतपणे विचारणार, "आता आपण कुठे चाललो आहोत?" भल्याभल्यांना या प्रश्नाने घाम फुटलेला मी पाहिला आहे.

या वर्षी मात्र तिसरा गिअर धरूनही राहीना. शिवाय आतून खलबत्त्यात खडे कुटल्यासारखा आवाज यायला लागला. आणि शुक्रवारी भागुबाईंची आरटीओत परीक्षा होती.

भागुबाई आहेर कळवणकडच्या. घरी टोमॅटो आणि पिकअप, दोन्ही आहे. पण पिकअप चालवतो पुतण्या, आणि त्याची झोप झाल्याशिवाय टोमॅटो हलत नाहीत. माल बाजार समितीत पोचतो तेव्हा लिलाव उरकलेला असतो. गेल्या हंगामात असं वारंवार झाल्यावर भागुबाई उठल्या आणि नाशकात लेकीकडे, पूजाकडे, येऊन राहिल्या. "लायसन घेतल्याबिगर गावात पाय ठेवायची नाय," असं वेशीवर सांगून आल्या होत्या. तोडणी तोंडावर आली होती. शुक्रवार हुकला तर पुढची तारीख तोडणी सुरू झाल्यावरची.

संतोष मिस्त्रीने गाडी फिरवून आणली आणि दोन्ही उपाय सारख्याच उत्साहाने सांगितले. "जय भीम मास्तर, ऐका. एक तर हाच गिअरबॉक्स खोलून बांधू. एकदम झकास होईल, पण सामान पुण्याहून यायचं, शुक्रवार विसरा. नाही तर दुसरा बॉक्स टाकू. अपघातातल्या एका गाडीचा आलाय माझ्याकडे. उद्या संध्याकाळी गाडी दारात. तोही एकदम झकास!"

"तो आतून कसा आहे?"

"आतून कसा असणार? गिअरबॉक्ससारखा!"

पैशांत म्हणावा असा फरक नव्हता, त्यामुळे तोही आधार गेला. मग मास्तरांनी आमच्या कॉलनीत सल्ला विचारला, आणि चूक केली. आमच्याकडे कोणाला गिअरबॉक्समधलं कळत नाही, पण गुडघ्यांमधलं सगळ्यांना कळतं. समोरचे दाते म्हणाले, बदलून टाका, मी दोन्ही बदलले, आता सोमेश्वरपर्यंत चालतो. वरच्या मजल्यावरच्या मालनबाई म्हणाल्या, मुळीच नको, आपलं ते आपलं, तेल लावून बघा. सुमनबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं लोकांना गिअर शिकवलेत. तो आत असतो कसा, हे कधी बघितलंय का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. बघितलं नव्हतं. फळ्यावर त्यांनी गिअरची आकृती हजारदा काढली असेल, पण दांड्याच्या खाली काय चालतं याचा त्यांना पत्ता नव्हता. ते उठले आणि तडक गॅरेजमध्ये गेले. भागुबाई तिथे आधीच येऊन स्टुलावर बसल्या होत्या. परीक्षा त्यांची होती.

"संतोष, आधी उघड," मास्तर म्हणाले. "बघू, मग ठरवू."

"अहो, उघडून परत दुसराच टाकायचा म्हटलं तर माझी मेहनत..."

"उघड रे."

बॉक्स उतरला, उघडला, डिझेलने धुतला. मास्तर चष्मा कपाळावर चढवून त्यात असे वाकले, की संतोषला उजेड मिळेना. "हा पहिला का? मग रिव्हर्स कुठे? आणि हे फिरतं कोण?" प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. संतोषने एकेक चक्र बोटाने दाखवलं. दुसऱ्या-तिसऱ्याच्या पितळी कड्या झिजून गुळगुळीत झालेल्या. तिसऱ्याच्या बाजूचे दात बोथट. पहिला थकलेला, पण धडधाकट. चौथा बरा.

आणि टोकाला एक चक्र होतं, कोरं करकरीत.

"हे नवीन कधी टाकलं?" मास्तरांनी विचारलं.

"टाकलेलं नाही, कंपनीचंच आहे. हा पाचवा," संतोष म्हणाला. "मास्तर, हा कधी वापरलाच नाही तुम्ही?"

शिकवणीची गाडी कॉलेज रोडवरून निघायची, गंगापूर रोडने फिरून परत यायची. तिसऱ्याच्या वर जायला तिथे जागा कुठे? चौथा कधी तरी, जरा मोकळा रस्ता दिसला तर. पाचवा ते फळ्यावर काढून दाखवायचे. शेकडो माणसं त्यांनी रस्त्यावर आणली होती, आणि त्यातल्या एकालाही पाचवा चालवून दाखवला नव्हता.

भागुबाई वाकून बघत होत्या. "मास्तर, कळवणचा रस्ता मोकळा हाय. तिथं ह्योच लागंल ना?"

"लागेल."

"मंग मला हा शिकवलाच नाय की!"

"नाही शिकवला," मास्तर म्हणाले. एवढंच.

संतोषने घसा खाकरला. "मग काय, दुसरा टाकू? शुक्रवार गाठायचा ना?"

मास्तरांनी भागुबाईंकडे पाहिलं. "ताई, तारीख तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं."

भागुबाईंनी बोथट दातांवरून बोट फिरवलं. "बाजारात बैल घेताना आम्ही दात बघतो. ह्याचं सगळं समोर दिसतंय, काय गेलं अन् काय राहिलं. त्या दुसऱ्याचं तोंड कोणी बघितलंय? हाच बांधा." मग म्हणाल्या, "पहिली तोडणी जाईल पुतण्याच्या झोपेत. जाऊ द्या. पण पाचवा शिकल्याबिगर मी जायची नाय."

सामान आलं, बॉक्स बांधला गेला. मास्तरांनी दिंडोरी रोडला नवी शिकवणी सुरू केली. पहिल्या दिवशी पाचवा पडला तेव्हा गाडीत असा सन्नाटा झाला, की बंद पडली वाटून मास्तरांनी किल्लीकडे हात नेला. "चालू हाय," भागुबाई म्हणाल्या. त्या काळात घरी पहिली तोडणी झाली, माल उशिरा पोचला, आणि पडत्या भावात गेला. भागुबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि पुन्हा गाडीत येऊन बसल्या.

परीक्षेत साहेबांनी त्यांना आठाचा आकडा काढायला लावला, पहिल्या-दुसऱ्यावर. तेवढ्यात आटोपलं. पास. भागुबाई रागावूनच बाहेर आल्या. "पाचवा बघितलाच नाय त्यांनी!"

लायसन हातात पडलं त्या दिवशी पुतण्या पिकअप घेऊन आला होता. भागुबाईंनी त्याला मागे रिकाम्या क्रेटांमध्ये बसवलं, स्टिअरिंग धरलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "बसा शेजारी. हा लागतो कुठं, ते दाखवते."

शिकवणीच्या गाडीसारखा इथे मास्तरांच्या बाजूला ब्रेक नव्हता. दिंडोरीपर्यंत त्यांचा पाय तो शोधत होता, असं भागुबाई सांगतात. वणी मागे पडली, मोकळा रस्ता लागला, पाचवा पडला, आणि जरा वेळाने त्यांनी बघितलं तर मास्तर खिडकीला डोकं टेकून गाढ झोपले होते.