नाल्याकाठची एक मूठ माती

नामदेवकाका गेल्याचं मला त्यांच्या उलव्याच्या सोसायटीतल्या शेजारणीने फोनवर कळवलं. मी तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात नव्या पत्रकाच्या प्रती घेत होते. "तुझा नंबर त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला होता," ती म्हणाली. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात... अडीअडचणीला बोलवायचा नंबर माझा, आणि आमचं तर महिनाभर बोलणंच बंद.

काका मूळचे परभणीकडचे. नोकरी सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत. निवृत्तीनंतर ते आमच्या प्रदूषणविरोधी सभांना यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे आणि माझं भाषण संपलं की शांतपणे एखादी तपासायची गोष्ट विचारायचे. मला राग यायचा. पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागच्या नाल्यातून काय वाहतं ते नाकाला कळतं, त्यात तपासायचं काय?

त्याच नाल्यालगत बेबीताई पालक, मेथी लावायची. गेल्या हिवाळ्यात तिचा पालक पिवळा पडायला लागला. मी नाल्याच्या काठावरची एक मूठ माती उचलली, पाण्यात कालवली, आम्ल तपासायची कागदी पट्टी बुडवली. पट्टी लाल. दुसऱ्या दिवशी पत्रक घराघरांत: कारखान्यांनी आपल्या जमिनीत आम्ल मुरवलंय, तूर्तास वाफ्यात चुना टाका. बेबीताईने दोन गोण्या टाकल्या. पंधरा दिवसांत पालकाच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, बाकी पान पांढुरकं.

मग काका आले. वाफ्यात आठ ठिकाणी खड्डे घेतले, वरचा पालापाचोळा सारून आतली माती काढली, सगळी एका फडक्यावर मिसळली, त्यातली मूठभर तपासली. पट्टी निळी. ती भरावाची जमीन. खाली खाडीचा गाळ, वर पाडलेल्या इमारतींचा राडारोडा. सिमेंटने ती आधीच अल्कधर्मी झालेली, अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात मी चुना ओतायला लावला होता.

"राग जिथं होता तिथली माती उचललीस तू," काका म्हणाले. "पालक कुठं होता ते बघितलंच नाहीस."

त्यांचं म्हणणं एवढंच, की दुसरं पत्रक काढ. नाल्याचा काठ आम्लाचा आहे तेही लिही, वाफ्याला चुना चालत नाही, शेणखत घाला, तेही लिही. मी म्हटलं, एक चूक कबूल केली की कारखानेवाले आख्खं पत्रक खोटं ठरवतील, लढाईच संपेल. "लढाई तुझी गं, पालक तिचा," ते म्हणाले. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहायला हवं: तुम्ही शेवटपर्यंत सरकारी नोकरच राहिलात. काकांनी फडकं झटकलं, घडी घातली आणि गेले.

त्यांच्या मृत्यूनंतर बेबीताईकडून कळलं, की आमचं बोलणं बंद होतं त्या महिन्यात ते भर उन्हात दारोदार फिरत होते. "म्हातारा पेन घेऊन यायचा," ती म्हणाली. "म्हनायचा, पोरीचा कागद फेकू नका, नाल्याचं तिनं खरंच लिवलंय, चुन्याची लाईन तेवढी खोडा." चूक कुणाची, हे त्यांनी एकाही घरात सांगितलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेनंतर परदेशातून आलेल्या त्यांच्या मुलाने घराची किल्ली माझ्या हातात दिली, काय हवं ते ने म्हणाला. बाल्कनीत सावलीला वर्तमानपत्रावर माती वाळत पडली होती. शेजारी काकांच्या अक्षरातली चिठ्ठी: बेबीताई, शेणखत घातल्यावर. तपासायची राहिली होती.

मीच तपासायला घेतली. माती, शुद्ध पाणी, काचेची कांडी... ढवळून झालं की अर्धा तास त्याला हात लावायचा नाही, भांड्यावर हे त्यांनीच लिहून ठेवलंय. समोरची खुर्ची रिकामी. फोन करावा असं कुणी आठवेना. मग त्यांच्याच टेबलावर कागद ओढला आणि लिहिलं: वाफ्यात चुना टाकू नका, माझं चुकलं, आणि खाली माझं पूर्ण नाव. लिहून झालं. घड्याळ पाहिलं तर अजून पंचवीस मिनिटं होती.