उशिरा भरवली तर गोऱ्हा

माझ्या सासरी गायीच्या पोटी नर यावा का मादी, हे थोरले दीर ठरवत. माज आल्या आल्या वळूकडे नेऊन भरवली तर कालवड, माज उतरताना भरवली तर गोऱ्हा, असं त्यांचं शास्त्र होतं. मी ते मानत नव्हते आणि ते मला मानत नव्हते.

तांबडी गाय माझ्या माहेरची. घरच्या म्हशीचं दूध दिरांच्या मुलांपलीकडे जात नसे. माझ्या दोन पोरींना मिळायचं ते तांबडीचंच. ती आटली होती. पुन्हा व्याली नाही तर पोरींना दूध नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांनी सेलूच्या ढोरांच्या दवाखान्यात नळीने गाय भरवायची सोय झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी आणा. नर का मादी ते माझ्या हातात नाही."

एका पहाटे तांबडी हंबरायला लागली. मी दावं सोडलं, ते दिरांनी हिसकावून घेतलं.

"उद्या दुपारून नेतो. मला गोऱ्हा पाहिजे."

"तोवर माज जाईल, भावजी."

सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "तुला काय कळायलंय? दोनदा बाळंत झालीस, दोन्हीबी पोरीच. तुझं ऐकलं तर गोठ्यातबी तेच हुईल."

दुसऱ्या दिवशी दिरांनी दवाखान्यात नेली. ती फळली नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा हंबरली, तेव्हा दीर म्हणाले, "भाकड हाय. बाजार दाखवायचा आता."

माझे मालक भावापुढे तंबाखू मळत राहिले.

मी भाकरी बांधली आणि त्याच सकाळी गाय घेऊन सेलूच्या दवाखान्याकडे निघाले. दीर देवगाव फाट्यापर्यंत शिव्या देत मागे आले. फाट्यावर माणसं होती, म्हणून हात उगारला नाही.

"गाय माझ्या बापाची आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "बाजारात न्यायची तर आधी मला न्या."

डॉक्टरांनी त्याच दिवशी भरवली आणि गाय गाभण राहिली. व्याली, तर गोऱ्हा. माज आल्या आल्या भरवलेली, आणि गोऱ्हा! मी दिरांकडे पाहिलं. उत्तर सासूबाईंनी दिलं.

"सेलू काय जवळ हाय? पोचस्तोवर उशीर झाला असंल. म्हणून गोऱ्हा."

दीर म्हणाले, "म्या आधीच सांगितलं व्हतं."

मी चिकाचा खरवस केला आणि दोन्ही पोरींच्या ताटात वाढला. सासूबाईंनी आपली रिकामी वाटी पुढे केली. मी ती पालथी घातली.