समोरच्या काकांची देखरेख

म्हैसूरला आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा समोरच्या घरातले काका न बोलावता देखरेखीला आले. निवृत्त माणूस. सकाळीच छत्री घेऊन यायचे आणि तिच्या टोकाने गवंड्याला चुका दाखवायचे. बोलणं नेहमी ‘नोडी’, म्हणजे ‘बघा’, या कन्नड शब्दाने सुरू. आम्ही दोघंही नोकरी करणारे. संध्याकाळी पोहोचेपर्यंत गवंडी पुरता काकांचा झालेला असे.

एकदा जाऊन बघतो तर स्वयंपाकघराची दर्शनी भिंतच पाडलेली. बायकोचा आवाज चढला. “काका, घर कोणाचं आहे?”

“नोडी वहिनी, घर तुमचंच,” काका शांतपणे म्हणाले. “पण तुम्ही आत राहणार. बाहेरून रोज बघायचं मला आहे! ती खिडकी फार बेढब दिसत होती.”

बायकोने भिंत होती तिथेच, खिडकीसकट, पुन्हा उभी करायला लावली. काका रुसले. यायचे बंद झाले.

वास्तुशांतीला मात्र सगळ्यांच्या आधी हजर! नंजनगूडहून स्वतःच्या मेहुण्यांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं आणि खोल्या दाखवत हिंडत होते. “नोडी, ही भिंत मी पाडून नवी बांधून घेतली. कशी सरळ आली!” मग बायकोला म्हणाले, “वहिनी, पाहुण्यांना कॉफी आणा.”

ती हसू दाबत आत गेली.

मेहुण्यांनी दारात उभ्या असलेल्या मला आदराने विचारलं, “आपण कोण?”

काकांचा चेहरा इतका खुलला होता की त्यांचं मन मोडवेना.

“मी यांचा शेजारी,” म्हणालो.