स्लॅबच्या दिवशी फिजिक्सचा पेपर

फिजिक्स शिकवणाऱ्या साहू सरांनी चाचणीचा तपासलेला पेपर माझ्या हातात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मैडम, शुक्रवार तक नाम वापस ले लीजिए. फेल का ठप्पा तो नहीं लगेगा."

पन्नासपैकी नऊ मार्क होते. माझ्या मागे उभी असलेली पोरं मला दीदी म्हणायची, पण वयाने मी त्यांच्या आईएवढी. त्यांनी पाहू नये म्हणून मी पेपर घडी करून पर्समध्ये टाकला.

मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात सब-इंजिनियर होते. डिप्लोमावाली. राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि जिकडे पाहावं तिकडे ऑफिसच्या इमारती उभ्या होऊन राहिल्या होत्या. तेलीबांध्याकडच्या अशाच एका इमारतीचा चार्ज माझ्याकडे होता. पण डिप्लोमावर पुढचं प्रमोशन अडत होतं. एका कॉलेजात संध्याकाळची डिग्री निघाली, तिची अट होती: आधी उन्हाळ्यात फिजिक्सचा कोर्स पास करा. सहा महिन्यांचं फिजिक्स सहा आठवड्यांत, तेही कॅल्क्युलस वापरून. फेल झालं की तिथे पुन्हा प्रवेश नाही. नाव मागे घेतलं तर पुढच्या वर्षी बसता आलं असतं, पण खात्याची शिकायची परवानगी याच वर्षी प्रवेश घेतला तरच होती.

कॅल्क्युलस म्हणजे बदलणाऱ्या गोष्टींचा हिशोब. एखाद्या वस्तूचे अगदी बारीक तुकडे कल्पायचे, एकेका तुकड्याचं गणित मांडायचं आणि मग सगळे जोडायचे. सांगायला सोपं आहे. पण मी डिप्लोमात ते पाठ करून पास झाले होते आणि नंतर विसरले होते. साहू सर एका तासात एक धडा संपवायचे. मी फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत ते पुढच्या धड्यावर. क्लास सुटला की भर उन्हात स्कूटरने साइटवर.

घरी गुढियारीत नवऱ्याला सांगितलं. तो रेल्वेत. जेवता जेवता म्हणाला, "अवं, मग सोडून दे. काहून जिवाला त्रास करून राहिली?" तो मायेनेच बोलला.

शुक्रवारी मी नाव काढायलाच गेले. साहू सर स्टाफरूममध्ये एकटे होते. का कोण जाणे, मी विचारलं, "सर, जाते जाते एक बात पूछूँ? डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट कहाँ से आता है?"

हे आमचं रोजचं सूत्र; डब्ल्यू म्हणजे दर मीटरवरचं वजन, एल म्हणजे लांबी. दोन टेकूंवर तुळई ठेवली आणि तिच्यावर सगळीकडे सारखं वजन असलं, तर मधोमध ती किती जोराने वाकायला बघते, ते या सूत्राने काढतात. मी वर्षानुवर्षं ते वापरत होते. कुठून आलं, ते मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी खडू माझ्याच हातात दिला. "बीच में काटिए. अब आधी बीम पर वजन के पतले-पतले टुकड़े कीजिए."

मी तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर. सगळे जोडले. टेकूचा वर ढकलणारा जोर उलट्या दिशेने फिरवतो, म्हणून त्या जोराच्या गुणाकारातून ही बेरीज वजा केली. दोनदा चुकले. सरांनी नुसतं बोट ठेवून चूक दाखवली. तिसऱ्यांदा फळ्यावर खाली उरलं ते डब्ल्यू एल स्क्वेअर बाय एट.

मी खडू ठेवला आणि म्हटलं, "सर, नाम रहने दीजिए."

"सोच लीजिए," ते म्हणाले. "पास की गारंटी मैं नहीं देता."

त्यानंतर मी प्रत्येक गणित तुळईसारखं कापायला लागले. काही सुटायची, बरीच सुटत नसत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वानखेडे साहेबांनी बोलावलं. ते आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर.

"मॅडम, उद्या सकाळी स्लॅब टाकायचा आहे. मंत्री काम पाहाले येऊन राहिले पुढच्या हप्त्यात."

स्लॅब म्हणजे काँक्रीटचं छत. एकदा ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही, आणि चार्ज असलेला इंजिनियर तिथे हजर लागतोच.

"साहेब, उद्या माझा पेपर आहे. तुम्हीच सुट्टी देतो म्हणाले होते."

"म्हणालो असेन. तेव्हा मंत्री नव्हते ना."

"एक दिवस पुढे घ्या, साहेब."

"नाही जमत. तुम्हाले डिग्री काहून पाहिजे आता? चांगलं चाललं आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही नसाल तर चार्ज तिवारीले देतो. मग परत मागू नका."

तिवारी आमच्याच खात्यातला दुसरा सब-इंजिनियर. त्या इमारतीचा पाया मी माझ्या डोळ्यांसमोर भरून घेतला होता. प्रत्येक कॉलम मी तपासला होता.

"द्या तिवारीले," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला आणि थोड्याच वेळात लाइट गेली. पंखे थांबले. घाम उत्तरपत्रिकेवर पडत होता. साइटवर काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला असेल, हाच विचार डोक्यात. पहिला प्रश्न येईना, दुसरा येईना. तिसऱ्यात एक दांडा होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वजन वाढत जाणारा. त्याला फिरवायचा जोर काढा. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले. मग एक पातळ तुकडा काढला, त्याचं वजन लिहिलं, अंतर लिहिलं. उत्तर आलं. नंतर पहिल्या प्रश्नाकडे परतले. शेवटचा कोराच राहिला.

निकाल लागला. मी पास झाले. पास व्हायला लागतात तेवढेच मार्क, वर एकही नाही. साहू सर म्हणाले, "बच गईं आप."

तिवारीने स्लॅब चांगला टाकला. चार्ज मला परत मिळाला नाही, आणि उद्घाटनाला मी गेले नाही. डिग्री झाली, प्रमोशनही झालं, पण वानखेडे साहेब बदलून गेल्यावर.

नोकरी सांभाळून शिकणारे कोणी भेटले की विचारतात, अभ्यास कसा करायचा. अभ्यासाचं ज्याचं त्याने पाहावं. मी एवढंच सांगते, साहेबांकडून परीक्षेची सुट्टी लेखी घ्या.